खूण ओळखीची, खूण नात्याची

पावसाळा सरता सरता रात्री दिव्याकडे येऊन भिंतीला चिकटणारा, अंगाहून लांब मिशांचा हिरवा कीटक मराठीत नाकतोडा, आणि दिवसा गवतातून टुणकन उडणारा आखूड मिशांचाही नाकतोडाच. बोलण्यात हे चालून जातं. पण पहिल्याचं नातं दुसऱ्यापेक्षा रातकिड्याशी अधिक जवळचं आहे, आणि त्याच्या स्वतःच्या टेटिगोनिइडी या कुलाचा पसारा 8,000हून अधिक जातींचा आहे. इंग्रजीत यांना बुश क्रिकेट किंवा कॅटिडिड म्हणतात. इथे त्यांना झुडपी नाकतोडे म्हणू. आणखी एक शब्द आधीच ठरवून घेतलेला बरा. या लेखात जाती म्हणजे स्पीशीज आणि प्रजाती म्हणजे जीनस, म्हणजे एकमेकींच्या जवळच्या जातींचं घराणं. वर्तमानपत्रांत प्रजाती हा शब्द सर्रास स्पीशीजसाठी वापरला जातो, म्हणून हा खुलासा. झुडपी नाकतोड्यांच्या जाती हजाराहून अधिक प्रजातींत वाटल्या गेल्या आहेत आणि ही वाटणी जवळजवळ सगळी अंगावर दिसणाऱ्या खुणांवरून झालेली आहे: डोक्याचं टोक, छातीवरचे काटे, नडगीवरचा कान, पंखांची लांबी, अंडी घालण्याच्या नळीचा बाक. या खुणांवर किती भरवसा ठेवायचा, हा प्रश्न डीएनएच्या अभ्यासामुळे पुन्हा ऐरणीवर आला आहे. त्यावर दोन टोकाची उत्तरं ऐकू येतात. एक म्हणतं, खुणांचा काळ संपला. दुसरं म्हणतं, इतकी वर्षं चाललं ते पुढेही चालेल. मला दोन्ही उत्तरं मान्य नाहीत. ओळख पटवणारी खूण वेगळी आणि नातं सांगणारी खूण वेगळी. दीडशे वर्षांतले बहुतेक घोळ पहिल्या खुणेला दुसरीच्या कामाला जुंपल्याने झाले आहेत, आणि हा फरक सांभाळला तर शरीराच्या खुणा आजही या अभ्यासाचा कणा राहू शकतात.

आधी न डगमगणाऱ्या खुणा पाहू. झुडपी नाकतोड्याच्या पावलाला चार पेरं असतात. रातकिड्याच्या आणि आखूड मिशांच्या नाकतोड्याच्या पावलाला तीन. पुढच्या पायाच्या नडगीवर, गुडघ्याच्या जरा खाली, कान असतो. मादीच्या पोटाच्या टोकाला तलवारीसारखी चपटी अंडनळी असते. आणि नराचा डावा पंख उजव्यावर चढलेला असतो. रातकिड्यात सहसा याच्या उलट. वाळलेला नमुना ओलसर डबीत ठेवून मऊ केला, सुईच्या टोकाने डावा पंख हलकेच उचलून उलटा केला आणि भिंगाखाली धरला, की त्याच्या बुडाशी एक जाड आडवी शीर दिसते. तिच्यावर कानशीसारखे दात ओळीने बसवलेले असतात. उजव्या पंखाच्या आतल्या कडेला एक कडक धार उभी असते. पंख मिटताना ती या दातांवरून घासत जाते आणि आवाज उमटतो. त्या धारेशेजारी उजव्या पंखात चौकटीत ताणून बसवल्यासारखा एक पातळ, काचेसारखा पापुद्रा असतो. त्याला आरसा म्हणतात, आणि घासण्यातून उठलेला आवाज मोठा करून बाहेर फेकण्यात त्याचा मोठा वाटा असतो. डाव्या पंखावर त्याच जागेचा भाग बहुधा जाडसर आणि धुरकट राहतो. कानस डावीकडे, धार आणि आरसा उजवीकडे, ऐकायला कान पायावर: अनेक सुटे भाग एकमेकांशी इतके जुळवून बसवलेली यंत्रणा वेगवेगळ्या घराण्यांत योगायोगाने पुन्हा पुन्हा तशीच घडेल, हे पटण्याजोगं नाही. म्हणून कुलाच्या पातळीवर या खुणा नातं सांगतात, असं ठामपणे म्हणता येतं. एक पायरी खाली, उपकुलांतही बऱ्याच ठिकाणी खुणा एकमेकींना दुजोरा देतात. फॅनेरॉप्टेरिनी उपकुलात पावलाच्या पहिल्या दोन पेरांच्या बाजूंना खाच नसते, छातीखाली बहुधा काटे नसतात, अंडनळी आखूड, वर वळलेल्या विळ्यासारखी आणि कडांना करवतीचे दात असलेली. कोनोसेफॅलिनी उपकुलात छातीखाली काट्यांची जोडी आणि नडगीवरच्या कानाला झाकण, बाहेरून दिसते ती नुसती फट. पाऊल, छाती, अंडनळी, कान हे एकमेकांवर अवलंबून नसलेले साक्षीदार एकच गोष्ट सांगत असतील, तर त्यांचं ऐकावं. गोंधळ सुरू होतो तो त्याखालच्या पायरीवर, म्हणजे प्रजातींपाशी.

हा गोंधळ समजून घ्यायचा तर प्रजाती कुठे आणि कशा पाडल्या गेल्या ते पाहावं लागतं. लिनियसने 1758 साली हे सगळे कीटक, टोळ आणि रातकिडेसुद्धा, ग्रिलस या एकाच प्रजातीत घातले होते आणि लांब मिशांच्या, तलवारधारी मंडळींना तिच्यात टेटिगोनिया नावाचा एक कप्पा करून दिला होता. त्याच पुस्तकातल्या एका जातीचं आजचं नाव डेक्टिकस व्हेरुसिव्होरस, म्हणजे चामखीळ खाणारा. स्वीडनमधले लोक चामखिळीला हा किडा चावायला लावत, त्यावरून ते आलं. एकोणिसाव्या शतकात जहाजांतून जगभरचे नमुने व्हिएन्ना, लंडन, बर्लिनच्या कपाटांत येऊन पडू लागले, तेव्हा लिनियसचा कप्पा पुरेना. ऑस्ट्रियाच्या तार खात्यात अधिकारी असलेल्या ब्रुनर फॉन वाटेनविल यांनी 1878 साली फॅनेरॉप्टेरिनींवर आणि 1895 साली सुडोफिलिनी या आणखी एका उपकुलावर मोठे ग्रंथ काढले. मधल्या काळात, 1891 साली, योसेफ रेडटेनबाखर यांनी कोनोसेफॅलिनींचा ग्रंथ पूर्ण केला. त्यांच्यासमोर काय होतं हे विसरता कामा नये. टाचणीला टोचलेले, हिरव्याचे गवती पिवळे झालेले, पाय मोडलेले नमुने. कित्येकदा जातीचा एकच नमुना, तोही एकाच लिंगाचा. आवाजाची, झाडाची, राहणीची काहीही नोंद नाही. अशा सामग्रीतून टिकाऊ खुणाच उचलता येतात: काटा आहे की नाही, कानावर झाकण आहे की उघडा, मागचे पंख पुढच्यांपेक्षा लांब की आखूड. त्यातून द्विभाजी सारण्या तयार झाल्या. काटा असेल तर पुढच्या ओळीला जा, नसेल तर खालच्या. अनोळखी कीटक हातात घेऊन नावापर्यंत पोचण्याचा हा मार्ग उत्तम होता आणि आहे. त्या माणसांच्या नजरेला आणि चिकाटीला दाद द्यावी तितकी थोडी. पण सारणीचा हेतू वाट दाखवण्याचा असतो. वाटेवरचा दगड ठळक असला म्हणजे झालं, तो किती जुना हे वाटसरूला विचारावं लागत नाही. पुढे मात्र सारणीतली प्रत्येक फांदी म्हणजे वंशवृक्षाची फांदी असं मानण्याची सवय पडली, आणि एका ठळक दगडाच्या आधारावर नवी प्रजाती उभी राहू लागली. नावांची ओढाताण वेगळीच. रेडटेनबाखर यांच्या ग्रंथातला कोनोसेफॅलस म्हणजे निमुळत्या शंकूसारख्या डोक्याचा मोठा कीटक. आज तेच नाव त्यांनी झिफिडियम म्हटलेल्या गवतातल्या छोट्या कीटकांना आहे, आणि मोठे शंकुशिर युकोनोसेफॅलस, निओकोनोसेफॅलस, रस्पोलिया अशा नावांखाली विखुरले आहेत. यांतली पहिली दोन नावं कार्नी यांनी 1907 साली दिलेली. जुनं पुस्तक उघडणाऱ्याने आधी सन पाहावा, मग नाव.

ओळखीला चांगली आणि नात्याला वाईट अशा खुणांची उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही. रंगाचं कुणाला पटवून द्यायला नको. युगांडात न्सेनेने म्हणून आवडीने खाल्ला जाणारा रस्पोलिया डिफरेन्स एकाच थव्यात हिरवा, तपकिरी आणि जांभळ्या रेघांचा सापडतो. पंखांची लांबी अधिक फसवी, कारण ती मोजता येते आणि मोजलेल्या गोष्टीला आपण आपोआप वजन देतो. युरोपात बऱ्याच भागांत आढळणारा रोझेलचा झुडपी नाकतोडा एरवी अर्ध्या पोटापर्यंतच पंख असलेला, उडू न शकणारा. पण उन्हाळा कडक गेला आणि पिल्लांची गर्दी झाली, की त्याच पिढीत पोटाच्याही पलीकडे जाणाऱ्या पंखांचे, उडणारे कीटक निपजतात. ब्रिटनमध्ये या जातीचा फैलाव वाढला त्यात या उडणाऱ्यांचा मोठा हात आहे. आखूड पंख ही प्रजातीची व्याख्या म्हणून लिहून ठेवली असती, तर गर्दीच्या वर्षी भावंडं दोन प्रजातींत गेली असती. कायमचे आखूड पंख हीसुद्धा नात्याची हमी नाही, कारण पंख गमावण्याची घटना या कुलात वेगवेगळ्या घराण्यांत झालेली आहे. भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या डोंगरांत 140हून अधिक जातींनी फुललेल्या पोइसिलिमॉन प्रजातीत नराला गाण्यापुरते खुंट उरले आहेत.

सर्वांत मोठा धडा मात्र पानांनी दिला. झुडपी नाकतोड्याचा वरचा पंख पान होतो म्हणजे किती होतो, हे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. मधोमध जाड शीर, तिच्यातून तिरप्या निघालेल्या उपशिरा, कडेला कुरतडल्यासारखी खाच, बुरशी पडल्यासारखा तपकिरी ठिपका. सुडोफिलिनी या नावाचा अर्थच खोट्या पानांचे. शंभर वर्षं अशा पंखांकडे घराण्याची खूण म्हणून पाहिलं गेलं. 2013 साली मगलस्टन, साँग आणि व्हायटिंग यांनी डीएनएवरून कुलाचा वंशवृक्ष मांडला तेव्हा असं दिसलं, की पानासारखे पंख एकदाच नव्हे, वेगवेगळ्या फांद्यांवर अनेकदा घडले आहेत. 2018 साली याच दिशेच्या अधिक मोठ्या अभ्यासात कित्येक रूढ गट एका पूर्वजाचे नाहीत असं आढळलं. थोडा विचार केला तर यात नवल नाही. दिवसा पानात लपून राहणाऱ्या कीटकाला पक्ष्याच्या नजरेतून सुटायचं असतं, आणि पक्षी सगळीकडे पानच पाहत असतो. तसंच शिकाऱ्यांचं. पुढच्या पायांवर लांब काट्यांच्या रांगा असल्या म्हणजे भक्ष्य कवटाळता येतं. म्हणून काटेरी पायांचे शिकारी एका उपकुलात टाकले गेले आणि ते लिस्ट्रोसेलिडिनी उपकूल आज एकजीव राहिलेलं नाही. आपल्याकडची सॅथ्रोफिलिया खोडाच्या सालीला इतकी दाबून बसते, की साल आणि पंख यांच्यातली सावलीही दिसू नये. ही सपाटी सालीने मागितलेली आहे. ज्या खुणेची मागणी बाहेरून होते, ती मागणी जिथे जिथे असेल तिथे तशी खूण घडू शकते. म्हणून अशा खुणेवरून कीटक ओळखावा, त्याची राहणी सांगावी. त्याचे आजोबा सांगू नयेत.

इथे एक रास्त आक्षेप येतो. बाहेरची मागणी नसलेली खूण असते तरी कुठे? कानाचंच पाहा. नडगीवरच्या कानाला झाकण आहे की नाही, ही सारण्यांतली जुनी, मानाची खूण. 2022 साली कोलंबियातल्या गोर्गोना बेटावरच्या कोपिफोरा गोर्गोनेन्सिस या जातीवर झालेल्या अभ्यासात दिसलं, की ही झाकणं वटवाघळांचे श्राव्यातीत (अल्ट्रासॉनिक) आवाज कानाच्या पडद्यापर्यंत पोचवण्याचं काम करतात. म्हणजे कानही शिकाऱ्याने घडवला. आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच एखादी खूण स्वभावतः पवित्र असते असं माझं म्हणणं नाही. खूण एकटी असली की तिच्यावर भार टाकू नये. कान, अंडनळी आणि नराच्या पोटाच्या टोकाचे आकडे यांच्यावर वेगवेगळ्या गोष्टींचा दबाव असतो: एकावर वटवाघळाचा, दुसऱ्यावर अंडी ठेवण्याच्या जागेचा, तिसऱ्यावर मादीचा. वेगळ्या दबावाखालचे अवयव तरीही एकच गट दाखवत असतील, तर त्या एकमताचं सर्वांत सरळ कारण समान पूर्वज हेच उरतं. अंडनळी एकटी घेतली तर तीही फसवते, कारण अंडी ठेवण्याची जागा जवळच्या नातेवाइकांतही वेगळी असू शकते. उत्तर अमेरिकेतली स्कडेरिया पानाच्या कडेत, दोन पापुद्र्यांच्या मध्ये अंडी सरकवते, तर त्याच फॅनेरॉप्टेरिनी उपकुलातली मायक्रोसेंट्रम काटकीवर कौलांसारखी एकावर एक रचून चिकटवते.

हे तत्त्व प्रत्यक्षात कसं चालतं ते पाहण्यासाठी प्लॅटिक्लाइसचं उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. युरोप आणि भूमध्य समुद्राभोवतीच्या माळरानांवरचे राखी-तपकिरी, ठिपकेदार पंखांचे मध्यम आकाराचे झुडपी नाकतोडे पूर्वी प्लॅटिक्लाइस किंवा मेट्रिऑप्टेरा या दोन नावांत कोंबलेले असत. ढोबळ विभागणी पंखांवर: लांब पंखांचे बहुतेक पहिल्यात, आखूड पंखांचे बहुतेक दुसऱ्यात. फ्रीडरिश झॉयनर, जे पुढे पुराणवस्तूंच्या कालगणनेसाठी अधिक प्रसिद्ध झाले, त्यांनी 1941 साली ही गाठोडी सोडली. पंखांपलीकडे पोटाच्या टोकाकडे त्यांचं लक्ष गेलं: नराच्या जननेंद्रियातले टिटिलेटर नावाचे कठीण काटे, मादीच्या पोटाखालची शेवटची पट्टी, अंडनळीचा बाक आणि लांबी. त्यातून रोझेलियाना, बायकलराना, टेसेलाना, सेपियाना, मोंटाना अशी नावं निघाली. पुढची कित्येक वर्षं ही नावं अधांतरी राहिली. कुणी त्यांना स्वतंत्र प्रजाती मानलं, कुणी मोठ्या प्रजातीच्या पोटातल्या उपप्रजाती. ब्रिटिश हस्तपुस्तिकांत रोझेलचा नाकतोडा दीर्घकाळ मेट्रिऑप्टेराच राहिला. आज तो रोझेलियाना आहे. झॉयनर यांचं प्रत्येक नाव शेवटपर्यंत टिकेल असं सांगता येणार नाही, पण त्यांनी प्रश्न योग्य जागी नेला हे नक्की. पंख उन्हाळ्यागणिक बदलतात, पोटाखालची पट्टी बदलत नाही.

टिटिलेटरबद्दल सावधगिरीचा शब्द हवाच. भिंगाखाली ते दोन छोट्या आकड्यांसारखे दिसतात, टोकाला बारीक दाते, बुडाशी रुंद. बरीच वर्षं समजूत अशी होती, की हे कुलूप-किल्लीचं प्रकरण आहे, परक्या जातीशी जुळूच नये म्हणून. रोझेलच्या नाकतोड्यावर झालेल्या प्रयोगांतून वेगळं चित्र आलं: मीलनात नर हे काटे तालात हलवतो, आणि जोडीतला एक काटा काढून टाकला तर मादीचा प्रतिकार वाढतो. म्हणजे हा अवयव मादीच्या पसंतीखाली आहे, आणि पसंती भराभर बदलू शकते. मग त्याचा प्रजातीसाठी उपयोग काय? माझ्या मते उपयोग पातळी ओळखून करायचा आहे. टोकाचे दाते किती, आकडा किती वळला, हे जातीचं बोलणं. काटे आहेत की नाहीत, दोन की जोडलेले, कुठून उगवतात, हा मूळ आराखडा प्रजातीचं बोलणं. घराच्या रंगावरून शेजारी ओळखावा, पायावरून वाडा. आणि फॅनेरॉप्टेरिनीच्या अनेक प्रजातींत असे कठीण काटे नाहीतच. तिथे ही खूण मुकी, दुसरे साक्षीदार शोधावे लागतात. एक माप सगळ्या कुलाला लावण्याचा आग्रह इथेच मोडतो.

आता डीएनएचा मोठा आक्षेप. वंशवृक्ष रेणूंवरून काढता येत असेल तर भिंग, सुई आणि काट्यांची मोजदाद कशासाठी? यातलं खरं आधी मान्य करावं: पानाच्या पंखांचं कोडं खुणांच्या अभ्यासकांनी आपसांत सोडवलं नसतं. पण डीएनएच्या झाडाच्या फांद्यांवर जी नावं लिहितात, ती येतात कुठून? प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार 1930नंतरच्या प्रत्येक नव्या प्रजातीला तिला वेगळं ठरवणाऱ्या लक्षणांचं शब्दांत वर्णन, निदान त्याचा संदर्भ, आणि नेमून दिलेली एक प्रमाण जाती लागते. आणि जातीचं नाव अखेर एखाद्या टाचणीवरच्या नमुन्याला बांधलेलं असतं. तो नमुना शंभर-दीडशे वर्षांचा असेल तर त्यातून रेणू मिळतीलच असं नाही, मिळाले तरी त्यासाठी तोडफोड करायला संग्रहालय तयार होईल असं नाही. फ्रान्सिस वॉकर यांनी 1869 साली ब्रिटिश म्युझियममधल्या एका नराचं वर्णन केलं, मूळ ठिकाणाची नोंद मोघम, नुसतं हिंदुस्थान. तो कीटक, प्रोफॅलँगॉप्सिस ऑब्स्क्युरा, झुडपी नाकतोड्यांच्या दूरच्या, जवळजवळ लोप पावलेल्या घराण्यातला. त्याचा नर म्हणून जगाला तेवढा एकच नमुना माहीत. 2022 साली त्याच्या पंखांना हात न लावता, लेसरने त्यांची कंपनं मोजून त्याचं गाणं सुमारे 4.7 किलोहर्ट्झचं असावं असं काढलं गेलं. आणि जीवाश्मांत तर रेणू मिळण्याची आशाच नाही. चीनच्या इनर मंगोलियात सापडलेल्या, सुमारे 16.5 कोटी वर्षांपूर्वीच्या आर्काबॉयलस म्युझिकसच्या पंखावरची कानस इतकी शाबूत होती, की 2012 साली तिच्यावरून 6.4 किलोहर्ट्झचा सूर मांडता आला. झाडाची मुळं किती जुनी हे ठरवताना अशा जीवाश्मांचाच आधार घ्यावा लागतो, आणि जीवाश्म कोणत्या फांदीवर बसवायचा हे शिरांची मांडणी वाचता येणाराच सांगू शकतो. डीएनएने खुणांना निवृत्त केलं नाही. कोणती खूण किती वेळा स्वतंत्रपणे उगवली हे सांगून तिचं वजन ठरवण्याचं साधन मात्र दिलं, जे ब्रुनर यांच्याजवळ नव्हतं.

दुसरा आक्षेप गाण्याचा, आणि तो आपल्या घराजवळचा आहे. मेकोपोडा एलाँगाटा हा धिप्पाड, कधी हिरवा कधी वाळक्या पानाच्या रंगाचा झुडपी नाकतोडा दक्षिण भारतात सर्वपरिचित. विवेक नित्यानंद आणि रोहिणी बालकृष्णन यांनी 2006 साली दाखवून दिलं, की एकसारख्या दिसणाऱ्या या कीटकांत पाच वेगळी गाणी गाणारे गट आहेत. एकाला त्यांनी हेलिकॉप्टर म्हटलं, एकाला ट्रेन, कारण ऐकताना तसंच वाटतं. 2017 साली ड्युसेशिया जपोनिकाची अशीच गोष्ट पुढे आली. एकच जाती म्हणून आशियाभर आणि ऑस्ट्रेलियापर्यंत नोंदलेला हा सडपातळ हिरवा कीटक गाणी ऐकल्यावर अनेक जातींचा समूह निघाला. ज्या खुणा जातीसुद्धा वेगळ्या करू शकत नाहीत त्यांच्यावर प्रजातींची इमारत कशी उभी करायची, असं विचारलं जातं. उत्तर असं, की जाती आणि प्रजाती हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मादी कुणाकडे जाईल हे गाणं ठरवतं, त्यामुळे शेजारच्या दोन गटांत ते झपाट्याने दुभंगतं. दुभंगण्याचा हा वेगच त्याला जातीचा उत्तम साक्षीदार आणि प्रजातीचा कमकुवत साक्षीदार बनवतो. पाच गाण्यांचे पाचही गट मेकोपोडाच आहेत, याबद्दल त्या संशोधनात शंका नव्हती. ती खात्री शरीरानेच दिली होती. शिवाय गाणं शरीराबाहेरचं नाही. पश्चिम घाटातल्या ओनोमार्कस युनिनोटाटसचा सूर 3.2 किलोहर्ट्झ इतका खालचा लागतो तो पंखाच्या घडणीमुळे. अशा गटांत कानशीचे दात किती, त्यांच्यातलं अंतर वाढत जातं की सारखं राहतं, आरशाची चौकट केवढी, हे मोजून ठेवलं तर मुक्या नमुन्यांतूनही गाण्याचा काही अंदाज बांधता येईल. मादीचं काय, हा प्रश्न उरतोच, कारण गाण्याचं बहुतेक काम नर करतो. तिथे अंडनळी आणि पोटाखालची पट्टी यांच्याकडे परत यावं लागतं.

तिसरा आक्षेप सर्वांत मुळावर घाव घालणारा. प्रजाती हा माणसाने आखलेला चौकोन आहे, निसर्गात जाती असतात, बाकी सगळी आपली सोय. मग खुणा कोणत्याही घ्या. काही अभ्यासक फॅनेरॉप्टेरिनीला उपकूल न म्हणता स्वतंत्र कूल म्हणतात, आणि तेवढ्याने एकाही कीटकात फरक पडत नाही, हे खरं आहे. रेघ कुठे मारायची यात सोय आहे, पण रेघेच्या आत काय सापडावं यात नाही. पोइसिलिमॉनची नवी जाती सापडली की ती आखूड पंखांची, वनस्पती खाणारी असणार, तिचं कवच आणि कान साधारण कसे असतील, हे पाहण्याआधीच सांगता येतं, आणि ते बहुधा खरं ठरतं. नात्यावर बांधलेली प्रजाती असा अंदाज देते. एका ठळक काट्यावर बांधलेली प्रजाती फक्त काट्याचा अंदाज देते. म्हणूनच एकाच जातीसाठी काढलेल्या प्रजातींची वाढती संख्या मला खटकते. जाती विचित्र आहे, कुठेच बसत नाही, म्हणून तिला नवं घराणं. पण विचित्र असणं हे कुणाचंही नातेवाईक नसल्याचा पुरावा नाही. उलट पान, साल किंवा शिकार यांच्या दबावाखाली एक फांदी झपाट्याने बदलली तर नेमकं असंच दिसेल. अशा वेळी बाकीच्या प्रजातीचं काय होतं हेही पाहायला हवं. विचित्र भाऊ वेगळा काढला की उरलेलं घर बऱ्याचदा अर्धवट राहतं, पूर्वज तोच, पण एक वारस वगळलेला.

भारतापुरतं पाहिलं तर हे सगळं पुस्तकी नाही. फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया या मालेत कर्बी यांनी 1914 साली आखूड मिशांच्या नाकतोड्यांचा खंड काढला, आणि तिच्याच पुढच्या परंपरेत शोपार्द यांचा रातकिड्यांवरचा खंड 1969 साली आला. मधल्या झुडपी नाकतोड्यांना तसा खंड लाभला नाही. त्यामुळे सह्याद्रीत एखाद्या पावसाळी रात्री पकडलेल्या फॅनेरॉप्टेरिनीची प्रजाती ठरवायची, तर आजही ब्रुनर यांच्या 1878च्या सारण्यांपासून वाट काढत यावं लागतं, मग विखुरलेले निबंध. हे काम नव्याने होणार असेल तर प्रत्येक प्रजातीच्या वर्णनात नर आणि मादी दोघंही हवेत, ताज्या रंगाचा फोटो आणि वाळलेल्या अंगाची मापं दोन्ही हवीत, उलट्या डाव्या पंखावरच्या कानशीचं चित्र हवं, जननेंद्रियांचं रेखाटन हवं, ज्या झाडावर कीटक बसला होता त्या झाडाचं नाव हवं, गाण्याची ध्वनिफीत हवी, आणि डीएनएसाठी अल्कोहोलमध्ये ठेवलेला एक पाय हवा. वर्णनकर्त्याने आणखी एक वाक्य लिहावं, जे जुन्या ग्रंथांत क्वचितच सापडतं: या खुणांपैकी कोणती केवळ ओळखीसाठी दिली आहे आणि कोणत्या खुणेवर नात्याचा दावा उभा आहे. तसं लिहिलेलं असलं, तर पन्नास वर्षांनी ती डबी उघडणाऱ्याला दावा खोडता येईल आणि ओळख तरीही वापरता येईल.